आरोहीची छाती आणि घरभर कारणं

सरकारी उपकेंद्रात दोन गोष्टींचा साठा कधी संपत नाही बघा. एक ओआरएसची पाकिटं आणि दुसरे किस्से. कापूस संपतो, खोकल्याचं औषध संपतं, पंख्याचा तर जीवच संपलेला असतो. किस्से मात्र सकाळी दार उघडलं की आपणहून आत येतात, बाकावर बसतात आणि 'शिस्टर, आमचं जरा बघा की' म्हणतात.

महिन्याच्या मीटिंगला आम्ही सगळ्या सिस्टर जमलो की डब्यांच्या आधी हेच उघडतं. मैत्रिणी म्हणतात, तुझ्या गावाचं काहीतरी वेगळंच असतं ग. वेगळं काही नाही. मी सोलापूरची, भवानी पेठेतली, घरात तेलुगू बोलणारी. नोकरी मात्र मंगळवेढ्याच्या पुढच्या एका गावात. इथल्या माणसांना जे रोजचं ते मला अजून नवलाचं वाटतं, आणि मला जे रोजचं त्याला ही माणसं पोट धरून हसतात. फिटंफाट.

आज सांगते ते सगळे किस्से एकाच घरातले, एकाच हिवाळ्यातले. त्या घरात आरोही नावाचं तान्हं बाळ होतं आणि त्याची छाती सारखी भरायची. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. मी हसले ते बाकीच्यांना.

*

पहिल्यांदा आरोहीला आणलं तेव्हा जीपमधून अख्खं घर उतरलं. पुढं तिची आई पूजा, बाळाला छातीशी धरून. मागं सासू शालन, सासरे आबा, आणि सगळ्यांच्या मागं काठी टेकत आबांची आई, काशीआजी. काशीआजी म्हणजे गावातलं मोठं प्रस्थ. गावात बाळ जन्मलं की त्याला न्हाऊ घालायला हीच. सरपंचसुद्धा हिच्या पायांवर पालथे पडून न्हालेले. त्यामुळं ते ग्रामसभेत फार बोलायला लागले की आजी नुसतं त्यांच्याकडं बघते.

मी बाळाचं झबलं वर केलं. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत होता. मोबाईलवर मिनिट लावून श्वास मोजले, आणि खात्री करायला पुन्हा मोजले. नशिबानं त्या दिवशी डॉक्टर आमच्याकडं आलेले. तरुण माणूस, नाशिककडचा, नुकताच या भागात रुजू झालेला. त्यांनी कानाला नळी लावली, न्यूमोनिया आहे म्हणाले आणि अँब्युलन्स बोलावली. ती येईपर्यंत त्यांनी एक साधा प्रश्न विचारला, हे कशानं झालं असेल, तुम्हाला काय वाटतं?

बस, एवढंच विचारायचा अवकाश. शालन म्हणाली, हिनं केळं खाल्लं, दूध गार झालं. आबा माझ्याकडं बघत म्हणाले, सुई टोचली तवापासनं पोर किरकिरी झालीया. काशीआजी म्हणाली, शेजारची गंगू टक लावून बघून गेली. पूजा बाळ माझ्याकडं देताना सासूकडं बघत हळूच कानात म्हणाली, आत्याबाई लेकराला लई गुंडाळत्यात. तेवढ्यात बाळाच्या बापाचा, दत्ताचा, फोन आला. तो चाकणला कंपनीत. तो म्हणाला, "शिस्टर, घरातल्यांचं काय ऐकू नका. गावात मोबाईलचा टॉवर उभा केलाय न्हवं, त्यानं हाय हे."

हे तो मोबाईलवरून सांगत होता.

अँब्युलन्स गेल्यावर डॉक्टर म्हणाले, सिस्टर, या घरात एकानंही स्वतःचं नाव घेतलं नाही बघा. खरंच होतं. टॉवरचंसुद्धा नाव आलं होतं.

आरोही बरी होऊन परत आली. सोलापूरच्या डॉक्टरांनी हृदय बघितलं, रक्त तपासलं, जन्माचा दोष काही नव्हता. दाराशी पूजानं मला एकच विचारलं, "पुन्हा हुईल का ओ?" मी तेच आमच्या डॉक्टरांना विचारलं. डॉक्टरांनी सांगितलं, कारण घरातच असणार, घर नीट बघून या.

*

घर बघायला मी आणि सुनंदा गेलो. सुनंदा आमची आशा, त्याच गावची सून, जिभेला फटकळ आणि मनानं लोणी. आम्हाला बघून शालन म्हणाली, बसा, च्या टाकते, गॅसवर टाकते. त्यातलं 'गॅसवर' तिनं शेजारणीला ऐकू जाईल असं म्हटलं.

गॅस खरंच बघण्यासारखा होता. शेगडीवर क्रोशाचं कव्हर, सिलिंडरला गुलाबी झालर, वर प्लॅस्टिकच्या फुलांचा गुच्छ. तिनं कव्हर काढलं, घडी घातली, शेगडीवरचं कुंकू न पुसेल अशा बेतानं पातेलं ठेवलं. इकडं माजघरात चूल धडधडत होती. तुराट्या, गोवऱ्या, ओल्या बाभळीचं एक लाकूड. आणि चुलीच्या अगदी शेजारी आरोहीचा पाळणा, कारण तिथं ऊब.

सुनंदानं विचारलं, गॅस असताना भाकरी चुलीवर का? शालननं असं बघितलं की जणू आम्ही तिला भाकरीच्या जागी पाव वाढायला सांगितलं. म्हणाली, "मंगळवेढ्याची ज्वारी हाय ती. गॅसवर टाकली की रुसती, फुगत न्हाय." पूजाचं माहेर करकंबचं. ती मागून हळूच म्हणाली, आमच्यात करत्यात की गॅसवर. शालन म्हणाली, म्हणून तर तुमच्यात ऊस जास्त आन् भाकरी कमी.

पुष्कळ घासाघीस करून पाळणा पुढं सोप्यात हलवायचं ठरलं. चहा झाला. शालननं शेगडी गार व्हायची वाट बघितली आणि पुन्हा नीट कव्हर घातलं. सुनंदाला राहवलं नाही. एवढं कव्हर कशाला घालतेस ग, म्हणाली.

"चुलीचा धूर बसतोय की तिच्यावर. काळी पडती."

*

सोपा म्हणजे आबांचं राज्य. शेळ्या-मेंढ्या राखून आले की तिथं बसायचं, पटका खुंटीला अडकवायचा आणि बिडी पेटवायची. आम्ही सांगितलं, आबा, आता इथं पाळणा आला, बिडी बाहेर. आबा शब्दाचे पक्के. नातीसाठी काय बी, म्हणाले, आणि बिडीकाडी घेऊन त्याच घडीला ओट्यावर जाऊन बसले. सुनंदा म्हणाली, बघा, पुरुषमाणूस एवढं लगेच ऐकताना मी पहिल्यांदा बघितला.

पुढच्या खेपेला गेलो तर आबा ओट्यावरच होते. पण खिडकीच्या गजांना तोंड लावून. गजांच्या आत बरोबर पाळणा. नात दिसल्याबिगर बिडी गोड लागत न्हाय, म्हणाले. सुनंदा म्हणाली, "आबा, बिडी भायेर हाय, पर धूर आतच चाललाय न्हवं."

आबांना पटलं. मनापासून पटलं. त्यांनी त्याच दिवशी खिडकीला आतून पोतं ठोकलं, चारी बाजूंनी खिळे मारून.

झालं! माजघरातला चुलीचा धूर सोप्यात येऊन त्या खिडकीनं बाहेर पडायचा, तोही आता मुक्कामाला राहिला. आम्ही गेलो तेव्हा सोप्यात समोरचा माणूस नीट दिसेना. त्या धुक्यातून आबांचा समाधानी आवाज आला, "आता सांगा, हाय का बिडीचा धूर?" सुनंदानं डोळे पुसत पुसत नाही म्हणून सांगितलं.

*

पोतं काढायला लावलं. आबांची बिडी गोठ्यापलीकडं घालवली. तोवर थंडी पडली आणि सोप्यात नवीन पाहुणे आले, शेळ्यांची करडं. पाळण्याच्या पायाशी ओळीनं बांधलेली. खाली कडब्याचा भुसा, वर त्यांचं मुतणं, आणि त्या सगळ्यावर माशांचं वऱ्हाड. मी कपाळाला हात लावला. शालन म्हणाली, त्यास्नीबी थंडी वाजती की ओ. आता याला काय बोलणार?

मला राग आलेला, म्हणून जरा खोचूनच विचारलं, काय आबा, करडांना लशी तरी टोचल्यात का? आबांचा चेहरा असा फुलला! आंत्रविषाराची झाली, पीपीआरची झाली, ढवळीच्या पिल्लांची झाली, काळीच्या पिल्लांची झाली. जनावरांचे डॉक्टर गावात यायच्या आधी म्हणे आबा वेशीत उभे असतात. एकबी चुकली न्हाय, म्हणाले.

मी विचारलं, "आणि आरोहीची?"

आबा आढ्याकडं बघायला लागले. न्यूमोनियाची लस त्यांनीच थांबवलेली, पोरीला ताप येतो म्हणून. सोप्यात एक करडू बें करून गेलं.

पुढच्या लसीच्या दिवशी मी दार उघडलं तर सगळ्यांच्या आधी आबा बाकावर. नवा पटका, मांडीवर आरोही, रांगेतल्या बायका तोंडाला पदर लावून हसतायत. मी म्हटलं, आबा, ताप येईल बरं का, मग माझ्या नावानं ओरडायचं नाही. आबा म्हणाले, "येऊ द्या की. करडालाबी येतोय, दुसऱ्या दिशी उड्या मारतंय." आणि त्याच आठवड्यात त्यांनी भिंतीला लागून करडांसाठी कुडाचा आडोसा केला. मला तो माणूस तेव्हापासून फार आवडतो.

*

एवढं सगळं झालं. राहिली धुरी.

बाळाला न्हाऊ घातलं की खापरात विस्तव घ्यायचा, त्यावर ओवा, बाळंतशेपा, लसणाची सालं टाकायची, दार लावायचं आणि बाळाला त्या धुरावर धरायचं. सर्दी पळते, हाडं भरतात, बाळ गाढ झोपतं. गाढ झोपतं हे खरं, बिचारं खोकून दमलेलं असतं. आणि या कामात काशीआजीचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नाही. घरात धूर होतो का विचारलं तर तिच्या हिशोबी धुरी त्यात मोडतच नाही. धूर चुलीचा, धूर बिडीचा. धुरी म्हणजे औषध.

मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आजी, धुरी बंद. आजी 'व्हय व्हय' म्हणाली. इथं नवीन होते तेव्हा मला यातलं कळायचं नाही. आजीचं एकदा 'व्हय' म्हणजे हो. दोनदा 'व्हय व्हय' म्हणजे, तू निघ आता.

एकदा मी आरोहीला उचललं, तिची टाळू हुंगली. घमघमीत ओवा. आजी, धुरी दिली ना? न्हाय ग. मग हा ओव्याचा वास? आजी म्हणाली, तेलात घातलाय. आणि लसणाचा? त्योबी तेलातच. मी पुन्हा एकदा हुंगून म्हटलं, "आणि गोवरीचा?"

आजी म्हणाली, "तेल चुलीवरच तापवलं न्हवं."

*

आता माझ्या घरची गंमत. भवानी पेठेत आमच्या घराखाली टॉवेलाचे माग चालतात, त्या खडखडाटात आमचं सगळं बोलणं ओरडूनच होतं. माझ्या भावाला तेव्हा नुकतीच मुलगी झालेली. रविवारी मी घरी गेले, जिना चढले, तर आई भाचीचे ओले केस उदाच्या धुरावर धरून बसलेली. आमच्यात त्याला सांब्राणी म्हणतात. पद्धत तीच, फक्त ओव्याच्या जागी ऊद.

मी तिथल्या तिथं तेलुगूत आख्खं व्याख्यान दिलं. बाळाची छाती, नाजूक नळ्या, धुराचे कण, सगळं. मागांच्या वर आवाज चढवून. आईनं शांतपणे ऐकून घेतलं आणि मला विचारलं, जेवून आलीस का उपाशी? मग म्हणाली, तुम्हा दोघांना असाच धूर दिला, तू तर नर्स झालीस.

हे मी सुनंदाला सांगितलं, म्हणजे गावालाच सांगितलं. काशीआजी जाम खूश. मला बोलावून म्हणाली, "तुजी आई शानी हाय. तुज्यासारखी न्हाय." आणि आईला द्यायला म्हणून घरच्या ओव्याची पुरचुंडी माझ्या पिशवीत कोंबली. आईनं ती डोळ्याला लावून घेतली आणि उलट आजीसाठी एक टॉवेल आणि उदाचा मोठा खडा पाठवला. पुढं हे सुरूच झालं. दोघींनी एकमेकींना बघितलेलंसुद्धा नाही, आणि माझ्याच विरुद्धचा माल माझ्याच पिशवीतून एसटीनं ये-जा करत होता.

*

आणि मग आरोहीची छाती दुसऱ्यांदा भरली. पुन्हा अँब्युलन्स, पुन्हा सोलापूर, पुन्हा सलाईन. परत आली तेव्हा आईबाळ दोघी वाळलेल्या. पूजा मला म्हणाली, शिस्टर, मी हिला घेऊन करकंबला जाऊ का? शालननं ते ऐकलं आणि तिथंच ओट्यावर बसून रडायला लागली. आमी काय तिचं वैरी हाय का, म्हणाली. मला दोघींचंही वाईट वाटलं. वैरी कुणीच नव्हतं, तीच तर पंचाईत होती. आबा नातीसाठी कूड बांधत होते, शालन ऊब शोधत होती, आजी रोज सकाळी पाठ दुखत असताना वाकून न्हाऊ घालत होती.

मी डॉक्टरांना धुरीचं सगळं सांगितलं. ते म्हणाले, मी येतो. आले, आणि आजीला म्हणाले, आजी, मी बंद करा म्हणत नाही, आज बाळाच्या जागी मी बसतो, मला द्या धुरी. आजी इतकी खूश झाली! इतक्या वर्षांत एवढ्या मानानं कुणा डॉक्टरनं विचारलं नव्हतं. विस्तव जास्तीचा घेतला, ओवा दोन मुठी. डॉक्टर न्हाणीत पाटावर बसले, आजी समोर, दार बंद. बाहेर आम्ही सगळे.

डॉक्टरांचा बेत चांगला होता. आपल्याला हे सोसत नाही हे सगळ्यांना दाखवायचं आणि मग विचारायचं, तर एवढ्याशा छातीला कसं सोसेल? बेतातला पहिला भाग फारच उत्तम झाला. दार धाडकन उघडलं आणि डॉक्टर बाहेर आले, चष्म्यावर वाफ, डोळ्यांतून धारा. तुळशीच्या कट्ट्याला धरून एवढे खोकले की दुसऱ्या भागासाठी घशात आवाजच राहिला नाही. मागून काशीआजी पदरानं वारा घेत आरामात बाहेर आली. तोवर गल्लीतल्या बायका जमलेल्या. सगळ्या डॉक्टरांकडं दयेनं बघायला लागल्या.

शालन पाण्याचा तांब्या देत म्हणाली, "ह्यांच्या आईनं ह्यास्नी धुरी दिली नसंल."

डॉक्टरसुद्धा खोकता खोकता हसले. पुढं बरेच दिवस ते गावात आले की म्हातारी माणसं आपणहून त्यांच्या छातीची चौकशी करायची. एकानं तर त्यांना ओवा दिला.

*

संक्रांतीच्या आसपास तिसऱ्यांदा. ही खेप आधीच्या दोन्हींसारखी नव्हती. ओठ निळसर पडलेले, रडायलाही ताकद नाही. अँब्युलन्समध्ये पूजा चढली, मी चढले, आणि कुणी न विचारता काशीआजी चढली. काठी खालीच राहिली. सगळ्या वाटेनं ती आरोहीचं पाऊल मुठीत धरून बसली होती.

सोलापुरात पोचताच ऑक्सिजन लावला. पूजा कॉटशेजारी उभी, बसायचं विसरलेली. मी खोटं कशाला सांगू, मला वाटत होतं की हे लेकरू आता राहत नाही. मी घरी गेले नाही, तिथंच थांबले.

दुसऱ्या दिवशी आरोहीनं डोळे उघडले, जरा दूध ओढलं. मग आजी उठली आणि वॉर्डात फिरायला लागली. तिथं सगळ्या तालुक्यांतली लेकरं. कुणी करकंबकडचं, कुणी अक्कलकोटकडचं, त्याची आई कानडी. आजी प्रत्येक कॉटपाशी थांबायची, वाकायची, बाळाच्या डोक्यावरनं हात फिरवायची. म्हाताऱ्या बायका आशीर्वाद देतात तसं. आयांनाही बरं वाटत होतं. पण मी बघत होते. ती प्रत्येकाची टाळू हुंगत होती.

परत येऊन बसली. मी विचारलं, काय झालं आजी? तिनं वाकून आरोहीचीही टाळू हुंगली.

दुपारी माझी आई डबा घेऊन आली. ज्यांचा माल मी इतके दिवस वाहिला त्या दोघी शेवटी समोरासमोर! मला वाटलं आता माझी काही धडगत नाही. मी औषधं आणायला खाली गेले. परत येऊन बघते तर आजी आईचा हात धरून तिला एकेका कॉटपाशी नेत होती. मग दोघी बाकड्यावर येऊन बसल्या. डबा तसाच.

जाताना मी आईला जिन्यात गाठलं, म्हटलं, काय बोलत होता ग तुम्ही? आई म्हणाली, विशेष काही नाही. "कुणाला ओव्याचा येतोय, कुणाला उदाचा, कुणाला नुसता चुलीचा, एवढंच म्हणाल्या."

त्या रविवारी मी घरी गेले. भाचीचे केस आई उन्हात वाळवत होती. धूप जाळायचं भांडं घासूनपुसून देवघरात ठेवलेलं. मला बघून आईनं जेवून आलीस का, एवढं विचारलं.

*

हल्ली आमच्या गावात धुरीची एक रीत आहे. ती कुणी काढली विचारलं तर लोक म्हणतात, जुनीच आहे, पिढ्यान् पिढ्या चालत आलेली. असेल बाई. मी मात्र तिच्या पहिल्या दिवशी हजर होते. आरोही आता करडांच्या मागं रांगत फिरते, त्यांची शेपटी तोंडात घालते, आणि एवढी मोठ्यानं ओरडते की तिच्या छातीबद्दल कुणाला शंका घ्यायचं कारण नाही. पण त्या दिवशी ती नुकती घरी आलेली, आणि दवाखान्यातून आल्यावरचं पहिलं न्हाणं होतं.

मी आणि सुनंदा मुद्दाम सकाळीच गेलो. आजीनं न्हाऊ घातलं, कोमट पाण्यानं, पटपट. शालननं मायेनं सगळी तयारी करून ठेवलेली. खापरात लालबुंद विस्तव, बाजूला ओवा, लसणाची सालं. पूजानं बाळाला टॉवेलात गुंडाळलं, माझ्या आईनं पाठवलेल्याच, आणि माझ्याकडं बघितलं. तिनं बाळाला आणखी जवळ ओढलं. मी बोलायला तोंड उघडलं, तर आजीनं हातानं मला गप्प केलं.

आजी म्हणाली, "पोरीची छाती नाजूक झालीया. आता धुरी रीतीनं द्यायची. आदी घरच्यांनी घ्यायची, मग लेकरानं. मधीच कोन उठलं तर त्या दिशी लेकराला धुरी न्हाय."

शालन म्हणाली, अशी रीत तर कधी ऐकली नाही. आजी म्हणाली, माज्या सासूनं सांगितलीया, तू कुटं हुतीस तवा? आता आजीच्या सासूला विचारायला कोण जाणार? शालन आणि आबा न्हाणीत जाऊन पाटावर बसले. आजीनं विस्तव आत सरकवला, स्वतःच्या हातानं ओवा टाकला, दोन मुठी, बाहेर आली आणि दार ओढून उंबऱ्याशेजारी भिंतीला पाठ टेकून बसली. समोर अंगणात ऊन होतं. पूजा बाळाला घेऊन त्या उन्हात बसली. आरोही झोपायच्या बेतात.

आधी आबांचा खोकला ऐकू आला. मग आबा आले, शेळ्या खोळंबल्यात म्हणाले आणि थेट गोठ्याकडं गेले. शालन मात्र मानी बाई. बराच वेळ नुसता आतून आवाज येत राहिला. सुनंदानं माझा हात घट्ट धरला होता. मग दार धाडकन उघडलं आणि शालन बाहेर आली, तोंडाला पदर, डोळ्यांतून धारा, आणि नेमकी त्याच तुळशीच्या कट्ट्याला धरून खोकत बसली.

काशीआजीनं तिचा खोकला थांबेपर्यंत वाट बघितली. मग पाण्याचा तांब्या पुढं केला आणि अगदी मायेनं विचारलं,

"का ग शालन, तुज्या आईनं तुला धुरी दिली न्हवती व्हय?"